मुलांच्या मोबाईलमधली सोडत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई महिन्यापूर्वी घरी आल्या आणि म्हणाल्या, यंदा तुम्ही मुलांच्या मोबाईलवर बोला. मी सातवी शिकलेली बाई. माझा नि मोबाईलचा काय संबंध, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "हिशेब येतो ना? मग पुरे." हिशेब मात्र मला येतो. आपल्या भिशीची वही गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे, आणि एका रुपयाचा घोळ तीत अजून कुणाला सापडलेला नाही. तेव्हा आज मी बोलणार आहे तेही हिशेबाचेच आहे असे समजा.

मोबाईल वाईट, मुले बिघडली, आमच्या वेळी असे नव्हते, हे मी बोलणार नाही. ते आपण रोज लिफ्टपाशी उभ्या राहून बोलतोच. शिवाय आपल्या पालेगावात मोबाईलवाचून चालण्यासारखे नाही. या नव्या इमारतींतून किती घरे अशी, की आईबाप सकाळच्या लोकलने अंबरनाथहून मुंबईकडे जातात ते दिवेलागणीनंतर परत येतात. मूल शाळेतून आले, जेवले, दार नीट लावले, हे कळायला फोनच लागतो. आणि 2020 साली कोरोनात शाळाच फोनमध्ये भरली, तेव्हा ज्यांच्या घरी नव्हता त्यांनीही कर्ज काढून आणला. आणलेला फोन आता कुणी परत नेऊन देणार नाही.

मला सांगायचे आहे ते त्या फोनमधल्या खेळांत दडलेल्या एका दुकानाविषयी. खेळ फुकट असतो. पोरगे म्हणते, "आई, फ्री आहे." ते खोटे बोलत नाही. बंदुका घेऊन धावायचे, घर बांधायचे, पळायचे, हे सगळे फुकटच आहे. परंतु आत एक दुकान असते, आणि त्या दुकानात खेळातल्या बाहुल्याचे कपडे, बंदुकीवरची नक्षी, एखादा नवा गडी, असे जिन्नस असतात. काहींची किंमत उघड लिहिलेली असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाहुलीला साडी घ्यावी तशी ती हौस आहे. पण जे सर्वांत झगमगीत, ज्यासाठी मुले जीव टाकतात, ते पुष्कळदा असे विकत मिळतच नाही. ते मिळते बंद पेटीत. पैसे भरायचे, पेटी उघडायची, आणि निघेल ते आपले. कुठे त्याला क्रेट म्हणतात, कुठे चाक फिरवायचे असते त्याला स्पिन म्हणतात. इंग्रजीत या सर्वांना मिळून लूट बॉक्स असा शब्द आहे. जपानात गाचा म्हणतात. तिकडे दुकानांबाहेर यंत्रे असत. नाणे टाकून मूठ फिरवली की आतून गोळा पडे आणि गोळ्यात खेळणे असे. मूठ फिरवण्याचा आवाज गाचा, गोळा पडण्याचा आवाज पोन. त्यावरून गाचापोन, आणि मग नुसतेच गाचा. आपल्याकडची मुलेही आता सर्रास हा शब्द बोलतात.

कुणी म्हणेल, यात नवीन ते काय? आपणही चिठ्ठ्या फाडल्याच की! खरे आहे. शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीत पुठ्ठा टांगलेला असे, त्यावर इवल्या इवल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. चार आणे दिले की एक फाडायची. आकडा निघाला तर फुगा, शिट्टी, नाहीतर बोर. बबलगमच्या वेष्टनात क्रिकेटवाल्यांची चित्रे निघायची, ती आमचे भाऊ जमवायचे, आणि त्यापायी दात किडवून घ्यायचे. आमच्या सासूबाई त्याहून आधीची गोष्ट सांगतात. त्यांच्या लहानपणी मुले काडेपेटीवरचे छाप जमवीत. आपल्या अंबरनाथलाच विमकोचा कारखाना होता, त्यामुळे इकडच्या पोरांना त्याचे फार अप्रूप. पण त्यात एक गोष्ट होती. छाप पेटीच्या वर असे. वाघ हवा तर वाघाची पेटी घे, जहाज हवे तर जहाजाची. झाकलेले असे काही नव्हते.

आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांत जरी झाकलेले असले, तरी पुठ्ठा डोळ्यांसमोर होता. किती चिठ्ठ्या उरल्या, मोठा फुगा अजून टांगलेला आहे की गेला, हे दिसत असे. पुठ्ठा संपत आला आणि मोठे बक्षीस अजून तिथेच असेल, तर आम्ही पोरी पैसे एकत्र करून उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या घेत होतो. टपरीवाला चरफडायचा. हे शहाणपण आम्हांला कुणी शिकवले नव्हते. काढलेली चिठ्ठी गेली, म्हणजे उरलेल्यांत आपला नंबर जवळ आला, इतके कुणालाही कळते.

मोबाईलमधल्या मुलाचे मनही नेमके हेच मानते, आणि तिथे हे खोटे असते. आजच्या माझ्या सबंध बोलण्यात ध्यानात ठेवण्यासारखे काही असेल तर एवढेच, म्हणून ते जरा सावकाश सांगते.

आपली भिशी घ्या. आपण वीस जणी आहोत. दर महिन्याला वाटीत चिठ्ठ्या टाकतो आणि एक काढतो. जिचे नाव निघाले तिची चिठ्ठी पुन्हा वाटीत जात नाही. म्हणून पहिल्या महिन्यात तुमची पाळी वीसात एक असते, दहा महिने गेल्यावर दहात एक, आणि विसाव्या महिन्यात काढायचीसुद्धा गरज नसते. उशीर होईल, पण पाळी चुकायची नाही. आणि भरलेले पैसे सगळेच्या सगळे आपल्यातच फिरतात. वही लिहिणाऱ्या बाईला फक्त चहा मिळतो. आता अशी भिशी कल्पा, की निघालेली चिठ्ठी दर महिन्याला परत वाटीत टाकायची. मग काय होईल? एकीचे नाव तीनदा निघेल, आणि दुसरी वीस महिने भरून कोरडीच राहील. अशा भिशीत आपल्यापैकी कोण पैसे घालील?

मोबाईलमधली पेटी बहुतेक करून अशी आहे. प्रत्येक वेळी सगळ्या चिठ्ठ्या परत आत.

मी हा बिस्किटांचा डबा बरोबर आणला आहे. यात शंभर चिंचोके आहेत, मोजून. नव्याण्णव साधे, आणि एकाला मुलीच्या नेलपॉलिशने लाल केले आहे. डोळे मिटून एक काढायचा, पाहायचा, परत टाकायचा, डबा हलवायचा. पहिल्या रांगेपासून सुरुवात करा आणि मनात मोजत जा. मी तोवर बोलते.

(येथे डबा सभेत फिरविण्यात आला.)

शंभरात एक लाल आहे, तेव्हा शंभर वेळा काढले म्हणजे तो एकदा तरी निघेलच, असे तुम्हांला वाटेल. मलाही ते पडताळून पाहायचे होते. माझी थोरली कॉमर्सला आहे. तिने कॅल्क्युलेटरवर करून दाखवले. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर वेळा काढले, तर त्यांतली सुमारे सदतीस मुले कोरडीच राहतात. प्रत्येकाने दोनशे वेळा काढले, तरी तेरा मुले कोरडी. तीनशे वेळा काढले, तरी पाच जण आहेतच. मला प्रथम पटेना. मग मी आणि ती दोघी बसलो आणि दुपारभर चिंचोके काढले. तेव्हा पटले.

हा डबा करण्याचे कारण घडले ते माझ्या नणंदेच्या घरी, बदलापूरला. खेळाचे नाव मी घेत नाही. माझा भाचा आठवीत आहे, हुशार आहे, मोठ्यांच्या पाया पडणारा आहे. त्याच्या खेळात दिवाळीच्या सुमारास एक लाल अंगरखा आला होता, पाठीवर सोनेरी साप असलेला, आणि तोही दहा दिवसांपुरताच. दहा दिवसांनी जाणार, मग मिळणे नाही. वर्गातल्या दोघांना मिळाला होता. याने आईच्या फोनवरून आधी एकोणनव्वद रुपयांचा टॉप-अप केला, मग एकशे एकोणसाठचा, मग चारशे एकोणपन्नासचा, असे करीत करीत सहा हजार आठशेंवर रक्कम गेली. अंगरखा निघाला नाही. ते पैसे त्याच्या बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी खात्यावर ठेवलेले होते. नणंद फी भरायला गेली तेव्हा समजले. बँकेचे मेसेज आलेले होते, पण दिवसाकाठी पन्नास मेसेज येतात, कर्ज घ्या, साडी घ्या, त्यांत हे बुडून गेले. शेवटचा दिवस, दुपारचे चार. तिच्या भिशीतल्या एका बाईची त्या महिन्याची पाळी होती. तिने ती नणंदेला दिली, म्हणून फी भरली गेली. त्या बाईला स्वतःच्या घराचे पत्रे घालायचे होते. ते तिने पुढे ढकलले.

पुढे मुलगा आठवडाभर कुणाशी बोलेना, तेव्हा नणंदेने त्याला माझ्याकडे पाठवला. मी त्याला काही विचारले नाही. जेवू घातले, आणि डबा पुढे ठेवला. म्हटले, लाल चिंचोका म्हणजे तुझा अंगरखा. पहिल्या खेपेला त्याला तो तेविसाव्या वेळी निघाला. खूश झाला. दुसऱ्या खेपेला शंभर झाले तरी नाही. तिसऱ्या खेपेला साठीच्या पुढे तो थांबला आणि म्हणाला, "मामी, काढलेला परत टाकायचा कशाला?"

मी म्हटले, "तुझ्या खेळात टाकतात, म्हणून."

तो बराच वेळ चिंचोक्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "मला वाटत होतं, इतके गेले, म्हणजे आता जवळ आलंय."

हे वाटणे आहे ना भगिनींनो, यावरच ते दुकान चालते. जवळ काही येत नसते. ऐंशी वेळा कोरडे गेलेल्याची एक्याऐंशीवी पाळी ही अगदी पहिल्यासारखीच असते. पण ऐंशी वेळा पैसे भरलेल्या माणसाला ते सोडवत नाही, मग तो आठवीतला असो की साठीतला.

काही खेळ असे आहेत, की ते मोजदाद ठेवतात आणि अमुक पाळीला नक्की देऊ म्हणतात. गेन्शिन इम्पॅक्ट नावाचा एक चिनी कंपनीचा खेळ 2020 साली आला. त्याचे आकडे कंपनीनेच लिहून ठेवले आहेत. सर्वांत मोठा गडी निघण्याचे प्रमाण एका ओढीला हजारात सहा. मात्र नव्वदाव्या ओढीपर्यंत एक मोठा गडी नक्की. हे ऐकायला भिशीसारखे वाटते. पण एका ओढीला त्यांची 160 रत्ने लागतात, म्हणजे नव्वद ओढींना 14,400. ती खेळून मिळतात, पण हळूहळू. घाई असेल त्याने विकत घ्यावीत. आणि जो मोठा गडी निघेल तो आपल्याला हवा तोच असेल असेही नाही. साधारण निम्म्या वेळा भलताच निघतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून. असा हिशेब माझ्या वहीत कुणी मांडला असता तर आपण तिला मंडळातून काढले असते.

ही रत्नांची युक्तीही पाहा. रुपयाने पेटी उघडत नाही. आधी रुपयांची रत्ने करायची, कुठे हिरे, कुठे यूसी. जत्रेतल्या पाळण्याला टोकन घ्यावे तसे. एकदा रुपयाचे टोकन झाले की हातातून पैसा जातोय असे वाटत नाही, हे जत्रेवाल्यालाही ठाऊक असते. आणि रत्नांच्या पुड्या अशा बांधलेल्या असतात, की पेटीला लागतील तेवढी नेमकी मिळत नाहीत. थोडी उरतात, थोडी कमी पडतात. वाणी सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवायचा, आठवते? आपण ते चॉकलेट त्यालाच परत देऊन बघा, घेतो का. इथेही तसेच. उरलेली रत्ने दुसरीकडे कुठे चालत नाहीत, म्हणून त्यांत आणखी घालून पेटीच उघडावी लागते.

पेटी उघडतानाचा थाटही पाहण्यासारखा आहे. अंधार होतो, ढोल वाजतो, सोनेरी उजेड फाकतो आणि मग निघते एक टोपी. मुले दुसऱ्यांनी पेट्या उघडलेल्या यूट्यूबवर तासन्‌तास बघत बसतात. त्यांत ज्याला मोठे निघाले त्याचाच आरडाओरडा दिसतो. कोरडा राहिलेला कशाला दाखवील? अमेरिकेत स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. कळीवर चोच मारली की दाणा, असे ठरलेले असले तर कबुतर भूक लागेल तेव्हा चोच मारी. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या, असा अवचित पडू लागला, की ते चोच मारीतच राही. दाणा बंद केला तरी कितीतरी वेळ थांबत नसे. उल्हास नदीवर गळ टाकून बसलेला माणूस पाहिला की मला ती कबुतरे आठवतात. मासा रोज मिळाला असता तर तो दुपारी घरी आला असता!

(आता डबा तिसऱ्या रांगेत दिसतो आहे. अजून ओरडण्याचा आवाज आलेला नाही.)

माझ्या भाच्याचे सहा हजार म्हणजे फार झाले असे आम्हांला वाटले, पण वर्तमानपत्रांत आलेल्या बातम्या त्याहून मोठ्या आहेत. 2021 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने पबजीपायी आईच्या खात्यातून दहा लाख रुपये घालवले. घरचे रागावले तेव्हा चिठ्ठी लिहून तो निघून गेला. पोलिसांना तो अंधेरीत महाकाली लेण्यांच्या बाजूला सापडला आणि आईबापांच्या हवाली झाला. त्याच वर्षी छत्तीसगडात कांकेरला एका शिक्षिकेच्या खात्यातून तीन लाखांहून अधिक रुपये गेले. तिला वाटले, कुणी ठकाने फसवले. पोलिसांत गेली. तपासात निघाले, की तिच्या बारा वर्षांच्या मुलानेच तिच्या फोनवरून खेळातली हत्यारे घेतली होती, आणि तीही पावणेतीनशेहून अधिक वेळा थोडे थोडे करून. हे सगळे पैसे बंद पेट्यांतच गेले असे मी म्हणत नाही. उघड किमतीची खरेदीही त्यांत असेल. पण थोडे थोडे करून जाण्याची वाट तीच. दहा लाख एकदम काढायला गेले तर बँकेचा माणूसही विचारतो. एकोणनव्वद रुपयांना कोण विचारतो?

आता तुम्ही विचाराल, हा जुगारच झाला, मग सरकार काय करते? इथे मला थोडे मागे जावे लागेल. आपल्याकडे जुगाराचा कायदा फार जुना, 1887 चा, इंग्रजांच्या वेळचा. मटका तुम्हां सर्वांना नावाने तरी ठाऊक आहे. मुंबईत आधी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर आकडे लावीत. ते बंद पडले तेव्हा 1962 साली कल्याणजी भगत यांनी चिठ्ठ्या काढून आकडा जाहीर करण्याचा धंदा काढला, आणि 1964 पासून रतन खत्री यांचा सुरू झाला. कल्याण मटका म्हणतात तो या कल्याणजींच्या नावाचा. आपल्या शेजारच्या कल्याण गावाला तो उगीच चिकटला आहे, हे मला मुद्दाम सांगायचे होते, कारण माझे माहेर कल्याणचे. गिरणगावात कित्येक पगार त्या मडक्यात गेले. पुढे 1969 साली सरकारनेच महाराष्ट्र राज्य लॉटरी काढली. तिकिटावर बक्षिसे छापलेली, सोडत चारचौघांत.

मटक्याची मी बाजू घेत नाही, पण एक सांगते. दहा आकड्यांतला एक लागायचा आणि रुपयाला साधारण नऊ मिळायचे. म्हणजे दहावा रुपया धंदेवाल्याचा, हे खेळणाऱ्या हमालालाही ठाऊक होते. आणि लागला तर हातात पैसे यायचे. मुलाच्या पेटीत लागला तरी हातात येतो तो चित्रातला अंगरखा. कंपनीने उद्या खेळ बंद केला की अंगरखाही गेला. खेळ बंद होण्याची वेळ आपल्याकडे आलेली आहे. 2020 च्या सप्टेंबरात सरकारने पबजीवर बंदी घातली, 2022 च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर. 

गंमत अशी, की हातात पैसे येत नाहीत, याच कारणाने पेटी कायद्यातून निसटते. जुगार म्हणजे पैसे लावून पैसे जिंकणे, असे पुष्कळ देशांचे कायदे धरून चालतात. आपल्या संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पत्ते, रमी वगैरे त्यात आले. पण बंद पेटीचे नाव त्यात कुठे घेतलेले नाही. तेव्हा कायदा झाला म्हणून आपण निश्चिंत झोपावे, असे मला तरी वाटत नाही.

बाहेरच्या देशांनी निरनिराळे उपाय केले आहेत. जपानने 2012 साली एक प्रकार बंद केला. त्यात पेट्यांतून अमुक चित्रांचा सबंध संच जमवला तरच मोठे बक्षीस मिळे. शेवटचे एक चित्र काही केल्या येत नसे. चीनने 2017 पासून, कोणती वस्तू किती वेळा निघते हे आकडे जाहीर करायला लावले. दक्षिण कोरियाने 2024 साली तेच केले. बेल्जियमने 2018 मध्ये सरळ म्हटले, पैसे घेऊन बंद पेटी म्हणजे जुगार, आणि मोठमोठ्या कंपन्यांना तिथे पेट्या काढून घ्याव्या लागल्या. ब्राझीलने 2025 मध्ये मुलांच्या खेळांतून त्या काढायचा कायदा केला. मला यांत बेल्जियमची रीत आवडली. आकडे जाहीर करणे चांगले, पण हजारात सहा म्हणजे किती, हे बारा वर्षांच्या मुलाला कसे कळावे? मला स्वतःला कळायला एक दुपार आणि शंभर चिंचोके लागले.

(मागच्या रांगेत लाल चिंचोका निघाल्याचे आताच सांगण्यात आले. काकू, कितव्या वेळी? अठ्ठावन्न! टाका परत.)

आता घरात काय करावयाचे ते थोडक्यात. पुष्कळ घरांत बिल भरायचे, गॅस नोंदवायचा, ही कामे आपण मुलांनाच सांगतो, कारण त्यांचे हात भराभर चालतात. त्यामुळे यूपीआयचा पिन मुलाला पाठ असतो. माझा पिन आमच्या घरी यजमानांनासुद्धा ठाऊक नाही. त्यांनी विचारून पाहिले आहे. मुलाला पिन ठाऊक असेल तर आज बदला. फोनला बोटाचा ठसा लागतो, त्यात मुलाचेही बोट नोंदवलेले असते, कारण तोच कुलूप उघडून देतो. ठशावर खरेदी होत असेल तर त्याच्या बोटाने पैसे जातात, म्हणून ते बोट काढून टाका. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीच्या आधी ओळख विचारण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. तिथेच खरेदीचा इतिहासही दिसतो. महिन्याचे बजेट ठरवता येते, पण ते नुसती आठवण करून देते, हात धरत नाही. न विचारता खरेदी झालीच, तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत गूगलकडे पैसे परत मागता येतात. मिळतीलच असे नाही, पण मागावेत. आणि नात्यातल्या मुलांना वाढदिवसाला कुणी प्ले स्टोअरचे कूपन देत असतील, तर त्यांनाही हे भाषण ऐकवा.

मुलींच्या आयांनी निर्धास्त राहू नये. बाहुली सजवायच्या खेळांतही पेट्या आहेत. 2025 साली ती दात विचकणारी लबुबू बाहुली गाजली, तीही बंद डब्यातलीच, कुठला रंग निघेल ते उघडल्यावर कळणार. डोंबिवलीत तिची नक्कल रस्त्यावर मिळायची, आणि मला विचाराल तर तीच बरी. रंग बघून घेता यायचा.

खेळ साफ बंद करावा का, असे मला दोघी-तिघींनी आधीच विचारले आहे. नणंदेने तसे केले नाही. तिने भाच्याला सांगितले, वर्षातून एकदा, वाढदिवसाला, तीनशे रुपयांपर्यंत. आणि घ्यायचे ते किंमत लिहिलेलेच घ्यायचे, पेटी नाही. त्याने यंदा एक साधी निळी टोपी घेतली. अंगरख्याचे दहा दिवस केव्हाच संपले होते. चार महिन्यांनी तो पुन्हा आला, "शेवटची संधी" म्हणून. भाच्याने मला फोन करून सांगितले, "मामी, कायमचा गेला होता ना तो? आला परत." यावर आम्ही दोघे पुष्कळ हसलो.

पत्रे घालायचे राहिलेल्या त्या बाईंची पाळी नणंदेच्या पाळीला मिळाली, आणि मे महिन्यात, पावसाच्या आधी, त्यांचे पत्रे झाले. भाचा मदतीला गेला होता.

हा डबा मी आजपासून मंडळाच्या कपाटात ठेवते. ज्यांना घरी न्यायचा असेल त्यांनी वहीत सही करून न्यावा. परत आणताना चिंचोके शंभर भरले पाहिजेत. मी मोजून घेईन. आणि येत्या शनिवारी दुपारी चार वाजता माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी इथेच बसणार आहेत. फोन घेऊन या, त्या सेटिंग्ज लावून देतील. चष्मा विसरू नका.